विराट पडदा आणि रसिकांचा 'वन्स मोअर'

आपल्या संगीत रंगभूमीने प्रेक्षकाच्या हाती एक मोठा अधिकार दिला होता. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे मराठी माणूस नाटकाला जाई तो मुख्यतः पदे ऐकण्यास. पद रंगले की प्रेक्षागृहातून 'वन्स मोअर'ची आरोळी उठे. मग समोर राजा असो की ऋषी, त्याला आपले राज्य वा तप क्षणभर बाजूस ठेवून ते पद पुन्हा म्हणावे लागे. या प्रथेवर टीकाकारांनी पुष्कळ कोरडे ओढले आहेत. कथेचा ओघ तुटतो, रसभंग होतो, नाटक लांबत जाते, हे त्यांचे आक्षेप खोटे नव्हते. तरीही त्या आरोळीत एक मोलाची गोष्ट होती. पैसे देऊन आलेला प्रेक्षक केवळ पाहणारा नव्हता. प्रयोग कसा पुढे जाईल हे काही अंशी तो ठरवीत होता, आणि नट त्याचे ऐकत होता.

आज आम्ही ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो वरकरणी या रंगभूमीपासून फार दूरचा आहे. २९ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील लास व्हेगस शहरात 'स्फिअर' नावाच्या एका नव्या वास्तूचे दार उघडले. ही वास्तू म्हणजे ३६६ फूट उंच आणि ५१६ फूट रुंद असा एक अवाढव्य गोल. तो उभारण्यास सुमारे २३० कोटी डॉलर खर्च आला. उभे राहणारे धरून सुमारे २०,००० माणसे त्यात मावतात. आतील पडदा प्रेक्षकांच्या समोर, डोक्यावर आणि दोन्ही बाजूंना घुमटासारखा पसरला आहे. त्याचे क्षेत्रफळ १,६०,००० चौरस फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेतीन एकरांहून अधिक! आपल्याकडे एवढ्या शेतावर एखादे कुटुंब पोट भरते. येथे तेवढे चित्र आहे. त्या चित्राखाली पहिल्या रात्री आयर्लंडच्या 'यू टू' या प्रसिद्ध रॉक वाद्यवृंदाचा जलसा झाला. पुढे २ मार्च २०२४ पर्यंत या मालिकेचे ४० जलसे झाले.

त्या जलशांना जाऊन आलेले लोक काय म्हणाले, हा आमचा आजचा विषय. आम्ही स्वतः तेथे नव्हतो. जे गेले त्यांनी सांगितलेले, लिहिलेले आणि चित्रित केलेले जगभर पसरले, त्यावरूनच आम्ही बोलत आहोत. पण हा विषय आम्ही निवडला तो नवलाईसाठी नव्हे. पडदा इतका वाढला की त्यापुढे गाणारा माणूस मुंगीएवढा दिसू लागला, तर रसिकाचे काय होते? तो भागीदार उरतो, की नुसता बघ्या होतो? हा प्रश्न लास व्हेगसचा आहे तसा आपलाही आहे. कारण पडदे आपल्या गावच्या मैदानावरही येऊन पोहोचले आहेत.

प्रथम पुराव्याविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. नव्या चित्राने लोक कसे थक्क झाले, याच्या कथा फार लवकर दंतकथा होतात. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंच्या पडद्यावर आगगाडी स्थानकात शिरली, तेव्हा ती अंगावर येते असे वाटून प्रेक्षक पळत सुटले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे धुंडाळली तेव्हा त्या पळापळीला भरवशाचा समकालीन आधार मिळाला नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात याच ल्युमिएर बंधूंचा खेळ एक रुपया तिकिटाने झाला. त्याही कार्यक्रमात आगगाडीचे आगमन होते. मुंबईकर पळाले असे कोणी सांगत नाही. लोक चकित झाले असतील, खुर्चीत थोडे मागे सरले असतील. पण ते चित्र आहे हे त्यांना ठाऊक होते. प्रेक्षक आपण समजतो तितका भोळा कधीच नसतो. फसणे आणि फसवून घेण्यात आनंद मानणे यांतला फरक त्याला चांगला कळतो. लास व्हेगसच्या गोष्टी ऐकतानाही हा विवेक आपण बाळगला पाहिजे.

चित्राने माणसाला चहूकडून वेढावे ही हौस मुळीच नवी नाही. योगायोग असा की, तिचा आद्य प्रवर्तकही आयर्लंडमध्ये जन्मलेला. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली वर्तुळाकार चित्राचे पेटंट घेतले आणि १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअर भागात त्यासाठी खास गोल इमारत बांधली. प्रेक्षक अंधाऱ्या वाटेने मधल्या चौथऱ्यावर येत. तेथून पाहता चित्राची वरची आणि खालची कड झाकलेली असे, त्यामुळे चित्र कोठे संपते ते कळत नसे. त्याने या प्रकाराला 'पॅनोरामा' हे नाव दिले. तेथील मोठे चित्र सुमारे १०,००० चौरस फुटांचे होते. आरमाराचे दृश्य पाहताना इंग्लंडची राणी शार्लट हिला म्हणे जमिनीवर उभ्या उभ्या बोट लागली! ही आख्यायिका खरी असो वा नसो, २३० वर्षांनंतर स्फिअरमधून बाहेर पडणारे लोक जे सांगत होते ते यापेक्षा निराळे नव्हते. जमीन वर सरकत आहे असे वाटले, डोके गरगरले, वरच्या उभ्या चढणीच्या रांगांत बसलेल्यांना कठडा धरावासा वाटला.

बार्करच्या त्या इमारतीचे पुढे काय झाले? सुमारे ७० वर्षे तेथे देशोदेशीची नगरे आणि युद्धे दाखविली गेली. मग लोकांचे कुतूहल आटले, पॅनोरामा बंद पडला, आणि त्या गोल वास्तूचे चर्च झाले. ते चर्च आजही तेथे आहे. नवलाई ओसरल्यावर लोक पुन्हा त्याच भिंतींच्या आत एकत्र जमले, पण आता एकत्र बसून गाण्यासाठी आणि प्रार्थनेसाठी. इतिहास कधी कधी फार सूचक बोलतो.

चित्राला संगीताची जोड मिळाली तीही जुनीच. १७९८ सालापासून पॅरिसमध्ये रॉबर्टसन या नावाने ओळखला जाणारा एक गृहस्थ भुताखेतांचे खेळ करी. पडद्यामागे चाकांवरचा दिवा पुढेमागे सरकवला की आकृती क्षणात वाढे, क्षणात विरे. सोबतीला काचेच्या वाद्याचे थरथरते सूर असत. आपल्या महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणच्या पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाने असाच खेळ केला. काचेवर रंगविलेली चित्रे पडद्यावर पाडून, निवेदन आणि गाण्याच्या साथीने ते पुराणकथा दाखवीत. या खेळांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दिवा सरकविणारा आणि काच बदलणारा हात माणसाचा होता. लोकांत हशा पिकला किंवा कोणी हुंदका दिला, तर चित्र थोडे थांबविता येई. म्हणजे 'वन्स मोअर'ला तेथेही जागा होती.

याउलट जर्मनीतील बायरॉइथ येथे १८७६ साली रिचर्ड वाग्नरने वेगळी वाट धरली. प्रेक्षागृह अंधारे केले, वादकांना रंगमंचाखालच्या खळग्यात दडविले, आणि प्रेक्षकाची नजर केवळ दृश्यावर खिळविली. संगीत ऐकू यावे पण वाजविणारा दिसू नये, ही त्याची इच्छा. प्रेक्षकाने मध्येच दाद देऊन भंग करू नये, गप्प बसून भारून जावे, हा रिवाज पुढे तेथे दृढ झाला. अशा रीतीने दोन परंपरा सिद्ध झाल्या. एका परंपरेत रसिक बोलतो, दुसरीत तो भारला जातो. रॉक संगीताचा जन्म पहिलीत झाला आणि त्याचा पडदा त्याला दुसरीकडे ओढू लागला. लास व्हेगसमधील सारा वाद या ओढाताणीचा आहे.

मग रॉकवाल्यांनी मुळात पडदा आणला कशाला? येथे हौसेपेक्षा गरज मोठी होती. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सचा जलसा झाला. ५५,००० हून अधिक माणसे जमली. गायक मैदानाच्या मध्यावर, प्रेक्षक दूर सज्जांत. चौघे तरुण ठिपक्यांएवढे दिसत होते. आणि किंचाळ्या एवढ्या की त्या काळच्या ध्वनिवर्धकांतून गाणे धड कोणाला ऐकू येईना, गाणाऱ्यांनाही नाही. पुढील वर्षी बीटल्सनी दौरे थांबविले. त्या गर्दीचे प्रेम खोटे नव्हते, पण भेट होत नव्हती. रसिक आणि गायक यांच्यामधले अंतर तोडण्यासाठी मैदानात पडदा आला. तो प्रथम दूरच्या माणसाचा चष्मा होता.

त्याच दशकात दुसरी एक धारा वाहत होती. १९५७ ते १९५९ या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉरिसन तारांगणात जॉर्डन बेल्सन आणि हेन्री जेकब्ज यांनी घुमटावर प्रकाशाकृती फिरवून संगीताचे प्रयोग केले. स्फिअरचे खरे पूर्वज हेच म्हणावे लागतील. पुढे न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहात १९६८ पासून जोशुआ व्हाइट आणि त्यांचे सहकारी वादकांमागच्या पडद्यावर रंगांचा खेळ करीत. काचेच्या परातींत तेल आणि रंगीत पाणी घ्यायचे, खालून प्रखर दिवा सोडायचा, आणि गाण्याच्या लयीवर परात हाताने हलवायची. गिटार वाजविणाऱ्याने ऐन वेळी सूर लांबविला तर रंगही लांबत. चित्र करणारा तबलजीसारखा साथीला बसलेला असे. चष्मा आणि साथ, अशी पडद्याची ही दोन रूपे. तिसरे रूप अद्याप यावयाचे होते.

ते आणण्यात यू टूचा वाटा मोठा आहे. १९७६ साली डब्लिनच्या शाळकरी मुलांनी जमविलेला हा वाद्यवृंद. बोनो, एज, अॅडम क्लेटन आणि लॅरी म्युलन ही चार नावे तेव्हापासून एकत्र घेतली जातात. 'आख्टुंग बेबी' ही त्यांची १९९१ सालची ध्वनिमुद्रिका. तिच्यानंतर फेब्रुवारी १९९२ मध्ये त्यांनी 'झू टीव्ही' नावाचा दौरा काढला. रंगमंचावर दूरचित्रवाणीचे पडदेच पडदे, वर टांगलेल्या पूर्व जर्मनीच्या ट्राबांट मोटारी, आणि डोळे दिपवून टाकणारा शब्दांचा व चित्रांचा भडिमार. दृश्यरचनाकार विली विल्यम्स यांनी घडविलेला हा पडदा चष्मा नव्हता, साथही नव्हता. तो स्वतःच एक पात्र होता. दूरचित्रवाणी माणसाला कशी गुंगवते, याची ती थट्टा होती. ज्यांना चौघे जण आणि चार वाद्ये एवढेच हवे होते, असे जुने चाहते गोंधळले. नव्यांना हा तमाशा मनापासून आवडला.

परंतु १९९३ च्या उन्हाळ्यात याच पडद्यावर असे काही घडले की, थट्टेचे हसू ओठांवरच विरले. तेव्हा बोस्नियातील सारायेव्हो शहराला वेढा पडला होता. बिल कार्टर या तरुण अमेरिकनाच्या साहाय्याने यू टूने युरोपातील अनेक जलशांत उपग्रहाद्वारे त्या शहराशी थेट संपर्क साधला. रोषणाईच्या मध्येच पडद्यावर वेढ्यात अडकलेली साधी माणसे दिसू लागत आणि आपली स्थिती सांगत. हजारोंचे मैदान चिडीचूप होई. काहींनी डोळे पुसले, काही चिडले. तिकीट काढून गाणे ऐकावयास आलेल्यांपुढे दुसऱ्याचे मरण मांडावे काय, असा सवाल वृत्तपत्रांतून आला. खुद्द वादकांनाही त्यानंतर पुढले गाणे सुरू करणे जड जाऊ लागले. ऑगस्टमध्ये हे संपर्क थांबविण्यात आले.

आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही सरसकट निर्दय म्हणणार नाही. त्यांची अडचण खरी होती. पडद्यावरचा माणूस त्यांच्याशी बोलत होता आणि त्यांना उत्तर देता येत नव्हते. आरोळी मारावी तर ती तिकडे पोहोचून उपयोग काय? मदत करावी तर कशी? इतके मोठे चित्र, इतका जवळचा चेहरा, आणि पाहणाऱ्याचे हात बांधलेले! विराट पडद्याचे सामर्थ्य आणि त्याची उणीव ही एकाच क्षणी उघडी पडली.

या गोष्टीचा उत्तरार्ध चार वर्षांनी घडला. वेढा उठल्यावर २३ सप्टेंबर १९९७ रोजी यू टू सारायेव्होला गेले. कोशेव्हो स्टेडियमवर सुमारे ४५,००० माणसे जमली. 'पॉपमार्ट' या त्यांच्या दौऱ्याचा दीडशे फुटांहून रुंद पडदा येथेही उभारला होता. तेवढा पडदा त्या काळी जगात नवलाचा होता. पण त्या रात्रीची आठवण सांगणारे पडद्याविषयी फार बोलत नाहीत. ते सांगतात की, बोनोचा आवाज बसला. ऐन जलशात मुख्य गायकाचा गळा चालेना. तेव्हा समोरच्या गर्दीने त्याची गाणी उचलली आणि ती गाऊ लागली. काल युद्धात एकमेकांसमोर उभे ठाकलेल्या समाजांतील माणसे त्या मैदानात एकाच सुरात गात होती. 'वन्स मोअर'चे याहून थोर रूप आम्हांस ठाऊक नाही. येथे रसिकांनी पद पुन्हा मागितले नाही. त्यांनी ते स्वतःच पुरे केले.

आपल्या महाराष्ट्रालाही या वाद्यवृंदाचा पडदा एकदा पाहावयास मिळाला. १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू टूचा भारतातला पहिला जलसा झाला. २०० फूट रुंद आणि ४५ फूट उंच असा पडदा त्या दौऱ्यात त्यांनी बरोबर नेला होता. ए. आर. रहमान त्या रात्री त्यांच्यासोबत उभे राहिले. त्या दौऱ्याची रचना मोठी मार्मिक होती. आरंभीची काही गाणी होईपर्यंत पडदा काळाठिक्कर ठेवीत. चौघे जण मुख्य मंच सोडून गर्दीत घुसलेल्या छोट्या चौथऱ्यावर उभे राहून गात. माणसे आधी माणसांना भेटत, आणि मग पडदा उजळे. हा क्रम ज्यांनी ठरविला, त्यांना सारायेव्होचा धडा विसरला नव्हता असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपण पुन्हा लास व्हेगसच्या गोलात शिरू. आत येणाऱ्यांना प्रथम दगडी घुमट दिसे, रोमच्या पुरातन पँथिऑन मंदिरासारखा, वर मध्यभागी आकाशाचे छिद्र असलेला. तो दगड नव्हे, पडदा आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नसे. मग पहिल्या गाण्याबरोबर तो दगड दुभंगे आणि फटींतून प्रकाशाचा लोट येई. पुढे एका गाण्यात मार्को ब्रँबिला या कलावंताने रचलेला एल्व्हिस प्रेस्लीच्या प्रतिमांचा धबधबा वरून असा कोसळे की, आपली बैठकच वर चालली आहे असा भास व्हावा. एकदा भिंत पारदर्शक झाल्यागत बाहेरचे लास व्हेगस शहर दिसे, आणि पाहता पाहता त्यातील इमारती एकेक करून नाहीशा होऊन मागे फक्त वाळवंट उरे. शेवटी एस डेव्हलिन यांनी रेखाटलेले, नेवाडा राज्यातील लोप पावत चाललेले पशुपक्षी आणि कीटक साऱ्या घुमटावर प्रकटत.

या साऱ्यावर रसिकांच्या प्रतिक्रिया तीन प्रकारच्या झाल्या. पहिला वर्ग विस्मितांचा. असे काही आपण आयुष्यात पाहिले नाही, असे ते सांगत, आणि आवाजाच्या स्वच्छपणाचीही तारीफ करीत. या वर्गाला हसू नये. विस्मय हा नऊ रसांतल्या अद्भुताचा स्थायीभाव आहे. तो काही हलका भाव नव्हे. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दोन तास तोंडात बोट घालून बसावेसे वाटले, तर त्यात उणे काय?

दुसरा वर्ग तक्रार करणाऱ्यांचा. आपण वाद्यवृंद पाहण्यास गेलो आणि छत पाहून आलो, असे त्यांचे म्हणणे. वरच्या सज्जाखालील मागच्या रांगांत बसलेल्यांना तर अर्धा पडदाच झाकला गेला. त्यांना ना धड माणसे दिसली, ना चित्र. आणखी काहींना वेगळेच शल्य होते. शस्त्रक्रियेमुळे लॅरी म्युलन या जलशांत नव्हता; त्याच्या जागी ब्रॅम व्हॅन डेन बर्ग याने ड्रम वाजविले. नव्या वादकाने काम चोख केले. पण ४० वर्षांहून अधिक काळ त्याच चौघांना पाहणाऱ्या रसिकांच्या डोळ्यांना साडेतीन एकरांच्या झगमगाटातही एक रिकामी जागा दिसत राहिली. पंगतीत सगळी पक्वान्ने वाढली, पण घरातले एक माणूस पानावर नाही, म्हणजे जसे होते तसे हे. चित्र केवढेही करा, गेलेल्या वा गैरहजर माणसाची जागा ते भरून काढीत नाही.

तिसरा वर्ग आम्हांस सर्वांत विचारी वाटतो. हे लोक दोनदा, तीनदा गेले. एकदा वरच्या सज्जात बसले, ते चित्रासाठी. दुसऱ्यांदा खाली मंचाला लागून उभे राहिले, ते माणसांसाठी. तेथून मान वर केल्याखेरीज चित्र दिसत नाही, पण गाणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. पडदा आणि मंच या दोन निराळ्या मैफली आहेत, हे त्यांनी अनुभवाने ओळखले. कार्यक्रमाच्या मध्यावर एक भाग होता, ज्यात चित्रांचा कल्लोळ शांत होई, पडद्यावर बहुतेक वादकांचे चेहरेच दिसत, आणि चौघे साधेपणाने जुनी गाणी गात. बाकी कार्यक्रम चित्रांशी जखडलेला असल्याने रोज जवळजवळ तोच राही. या भागातली गाणी मात्र बदलत. तिसऱ्या वर्गातील लोक या भागाची वाट पाहत. कोट्यवधींचा पडदा उभारून रसिकाने वाट पाहावी ती तो निवण्याची, याला काय म्हणावे?

यातील मर्म आपल्या ध्यानात आलेच असेल. चित्र आगाऊ तयार करून ठेवले की गाण्याला त्याच्या मापाने चालावे लागते. गायकाला वाटले म्हणून कडवे परत घेता येत नाही. रसिकाने मागितले म्हणून तर नाहीच. यंत्राला 'वन्स मोअर' ऐकू येत नाही. बायरॉइथची परंपरा येथे पूर्णत्वास गेली.

परंतु इतिहास येथेच थांबला नाही. एप्रिल २०२४ मध्ये 'फिश' हा अमेरिकन वाद्यवृंद त्याच गोलात आला. हे लोक ऐन वेळी सूर रचीत जाणारे. त्यांनी चार रात्री चार जलसे केले आणि एकही गाणे दुसऱ्यांदा घेतले नाही. त्यांची चित्रे अशी योजिली होती की, चालकाला ती वादनाबरोबर तत्क्षणी लांबविता, वळविता येत. फिलमोर ईस्टमधील तेलपाण्याच्या परातीच जणू यंत्राचे रूप घेऊन परत आल्या. त्याच वर्षी मे ते ऑगस्ट या काळात 'डेड अँड कंपनी' या वाद्यवृंदाने तेथे ३० जलसे केले. ग्रेटफुल डेड ही मंडळी १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत ज्या घरात राहत, त्या घराच्या चित्रापासून त्यांचा प्रवास सुरू होई, थेट अंतराळापर्यंत जाई, आणि शेवटी त्याच घराच्या दारात येऊन थांबे. १९९५ साली निवर्तलेल्या जेरी गार्सियाची छबी पडद्यावर आली की रसिक जयघोष करीत. येथे चित्र डोळे दिपवीत नव्हते. ते सर्वांच्या समाईक आठवणीचा अल्बम उलगडत होते, आणि रसिकाला त्या आठवणीत स्वतःची पाने घालता येत होती.

मग निष्कर्ष कोणता? पडदा वाईट, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. तो म्हातारपणी माणसाला लागणाऱ्या चष्म्यासारखा उपकारक होऊ शकतो आणि साथीदारासारखा प्रेमळही. त्याच्या आकारावर काही अवलंबून नाही. पाहावयाचे ते एवढेच की, रसिकाने दिलेली हाक पलीकडे पोहोचते की नाही. पोहोचत असेल तर साडेतीन एकरांचा घुमटही मैफल होतो. पोहोचत नसेल, तर चार हातांचा पडदाही भिंत होतो. बार्करच्या राणीची बोट, रॉबर्टसनची भुते, ल्युमिएरची आगगाडी, ही सारी नवले आपापल्या काळी पुरेपूर नवल होती आणि तितक्याच पुरेपूर जुनी झाली. स्फिअरचा पडदाही एक दिवस जुना होईल. सारायेव्होच्या मैदानातील गाणे मात्र ज्यांनी गायिले त्यांना जुने होणार नाही.

आपल्याकडे कीर्तनकार मध्येच थांबून म्हणतो, 'बोला, पुंडलिक वरदे', आणि श्रोत्यांनी उत्तर दिल्याखेरीज पुढे जात नाही. झोपलेला श्रोता जागा व्हावा एवढाच त्याचा हेतू नसतो. हे तुमचे आणि माझे मिळून चालले आहे, याची ती आठवण असते. उद्या आपल्या गावच्या मैदानावर केवढाही पडदा उभा राहो. तो उभारणाऱ्यांना आपण एक प्रश्न अवश्य विचारावा. महाराज, आम्ही 'वन्स मोअर' म्हटले, तर येथे ते ऐकणारा कोणी आहे काय?